बारा मोटांची आमराई आणि आमचं ठिबक

गेल्या वर्षी नातवाने आमच्या विहिरीवर ठिबक बसवलं. शिवाय अंगणात एक छोटंसं कारंजं! बटण दाबलं की झाडांच्या बुडाशी टपटप सुरू. ते बघताना मला साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर आठवली.

ही विहीर विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात, म्हणजे छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीत बांधून घेतली. वरून पाहिली तर शिवपिंडीच्या आकाराची, आणि आत चक्क एक छोटा महाल. हा सगळा खटाटोप आमराईला पाणी देण्यासाठी!

बैल धावेवरून उतरले की मोट वर येई, थारोळ्यात रिती होई आणि पाणी पाटाने आळ्यांत जाई. पाटात बरंच पाणी मुरून जायचं, हे खरं. पण लहानपणी आमच्या मोटेवर मी एक पाहिलंय. विहिरीतलं पाणी उतरलं की मोट अर्धीच भरायची, आणि नाडा हलका लागताच काकांना ते कळायचं. बैल दमले की पाणी थांबायचं. मोटारीला असं काही कळत नाही, ती दमतही नाही.

आधुनिक ठिबक इस्रायलच्या सिंचा ब्लास यांचं, १९६० च्या दशकात त्याचं उत्पादन सुरू झालं. थेंबाचं महत्त्व आपल्याला नवं नाही म्हणा, महादेवाच्या पिंडीवर गळती असतेच. पाणी वाचतं यात शंका नाही. पण वाचलेल्या पाण्याचं आम्ही काय केलं? वीस पेरू लावले, हिरवळ केली, वर कारंजं.

यंदा एप्रिलमध्ये शेजारच्या वहिनी हंडा घेऊन दारात आल्या. त्यांची विहीर आटली होती. दोन्ही विहिरींना झरा एकच! मी खजील झालो.

नातू म्हणाला, "आजोबा, कारंज्यात तेच पाणी फिरतं." खरंय, पण उन्हाने उडतं ते रोज विहिरीतूनच भरावं लागतं ना?

आता विहिरीच्या आत चुन्याची एक रेघ मारली आहे. पाणी तिच्याखाली गेलं की कारंजं बंद आणि ठिबक फक्त जुन्या झाडांना. बैल उरले नाहीत, तेव्हा थांबायचं कधी हे आता आपणच ठरवायला हवं.

असो.