आई-बापाचा सांभाळ: मनिऑर्डर ते मोबाईल



गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज, कर्जाचे अर्ज सगळं आटोपलं की चहाच्या वेळी एक विषय हमखास निघतो. कुणाची आई घरात एकटी, कुणाची सासू एकटी. मुलगा म्हणतो मुंबईला चल, ती म्हणते, "माका खंय जावचा नाय." मग कुणीतरी सुस्कारा टाकते, "पूर्वी असं नव्हतं गो. पूर्वी म्हाताऱ्या माणसांना घरातच सांभाळायचे."

सांभाळायचे हे खरं. पण सांभाळायचं कोण? ते कळलं तर आजचा निर्णय घेणं सोपं जाईल, म्हणून आज थोडं मागे जाऊन बघूया.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात उभी राहिली. त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त काळ आपला कोकण गिरण्यांना माणसं पुरवत राहिला. तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो; सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ला. भातशेतीचे तुकडे लहान, पीक एक, खाणारी तोंडं जास्त. घरातला कर्ता पुरुष आगबोटीने मुंबईला जायचा. तिथे चाळीतल्या एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. तिथे बायको नेणार कुठे आणि आई-बापाला ठेवणार कुठे? म्हणून बायको, मुलं आणि म्हातारे गावी राहिले.

१८८०मध्ये टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि आपल्या घरांचा गाडा तिच्यावर चालू लागला. पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजायचा, आजी अंगठा उठवायची. पैसे पाठवले की मुलाचं कर्तव्य झालं, असं सगळे मानायचे. ते पैसे कष्टाचेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण विहिरीचं पाणी, लावणी, गुरं, पोरं हे सगळं करून सासऱ्याला पेज भरवणारी, सासूला आंघोळ घालणारी, रात्री उठून पाठ चोळणारी होती ती सून. पावसाळ्यात आगबोटी बंद असायच्या. आषाढात घरचं माणूस अंथरुणाला खिळलं तर मुलगा येईपर्यंत सगळं तिच्यावरच. "पूर्वी घरातच सांभाळायचे" या वाक्यात तिचं नाव कुणी घेत नाही.

आणि जिला सून नव्हती, मुलगा नव्हता तिचं काय? कुणी भावाच्या दारात दिवस काढले, कुणी शेजाऱ्यांच्या. निराधारांसाठी संस्था तेव्हाही लागतच होत्या. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून अनाथ-अपंगांसाठी घर उभं राहिलं ते १८६०च्या दशकात. तेच आज 'निवारा' म्हणून ओळखलं जातं. म्हणजे म्हाताऱ्यांचं आश्रमात राहणं ही काही आजची गोष्ट नाही.

ही जुनी घडी मोडली १८ जानेवारी १९८२ला. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कितीतरी जणांना पुन्हा कामावर घेतलंच नाही. मनिऑर्डरी आटल्या. पुढच्या पिढीने दुसऱ्या नोकऱ्या शोधल्या आणि मुलांच्या शाळेसाठी बायकोलाही बरोबर नेलं. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मुंबई एका रात्रीवर आली. येणं सोपं झालं, तसं जाणंही.

जनगणनेत हे दिसतं. २००१मध्ये आपल्या जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती, २०११मध्ये ८,४९,६५१ राहिली. दर हजार पुरुषांमागे बायका १०७९ होत्या, त्या १०३६ झाल्या. बायका अजूनही जास्तच आहेत, पण फरक कमी होतोय. आता गणपतीत आणि शिमग्यात घर भरतं, एरवी त्यात एक म्हातारी आणि एक मोबाईल.

म्हणून सुनांना दोष देण्याआधी थांबूया. जी व्यवस्था एकटीच्या पाठीवर उभी होती, ती बाई घरातून निघाली तेव्हा कोसळली. तिच्या जागी काय करायचं, हे मात्र कुणी ठरवलंच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने म्हाताऱ्या आई-बापांची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. एका वडिलांनी कल्याणला डॉक्टर असलेल्या लग्न झालेल्या मुलीकडे पोटगी मागितली, तेव्हा १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न झालं तरी लेकीची जबाबदारी संपत नाही. २००७मध्ये ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. त्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. त्यातली 'मुलां'ची व्याख्या वाचा: मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही! शंभर वर्षं जिने हाताने केलं, तिचं नाव कायद्यातही नाही आणि आभारातही नाही. म्हणून सांभाळाचं बोलणं सुनेपासून सुरू न करता सगळ्या भावंडांपासून सुरू करायचं, लेकींसकट.

आता मुख्य प्रश्न. आई एकटी राहू शकते की नाही, हे ओळखायचं कसं? वयावरून नाही. ऐंशीची बाई चुलीवर भाकरी भाजते आणि पासष्टची थकते. चार गोष्टी बघा. ती स्वतः शिजवून जेवते का, की चहा-बिस्किटावर दिवस काढते? औषध वेळेवर घेते का, की तेच दोनदा घेते? आंघोळ, संडास स्वतःचं स्वतः जमतं का? ओळखीच्या वाटेवर चुकते का, गॅस चालू ठेवून विसरते का? अचानक एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखं बोलू लागली तर मात्र 'म्हातारपण' म्हणून बसू नका. ते आजाराचं लक्षण असू शकतं, लगेच दवाखान्यात न्या.

एकटी राहणं आणि मुंबईला जाणं यांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत. पहिली, घर सोयीचं करा: मोरीत धरायला दांडा, रात्री दिवा, पावसात खळं शेवाळतं तिथे चालायची सुकी वाट, शेजारणीकडे एक चावी, रोज ठरल्या वेळी फोन. दुसरी, येऊन-जाऊन करणारी बाई ठेवा. तिचा पगार भावंडांनी वाटून द्यावा, आणि घरचीच कुणी ते काम करत असेल तर तिलाही द्यावा. तिसरी, जवळच्या लेकीकडे किंवा मुलाकडे राहणं. मुंबईला न्यायचंच तर आधी दोन-तीन महिने राहून बघू द्या, इथलं घर मोडू नका. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर कुलपात बसणं हाही सांभाळ नव्हे. आणि ज्यांना कुणीच नाही, त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यात पणदूरच्या संविता आश्रमासारखी ठिकाणं आहेत. चौकशीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे १४५६७.

पण या सगळ्याआधी तिला विचारा. पडली, हाड मोडलं, आणि मग दवाखान्याच्या बाकावर भाऊ-भाऊ भांडतायत, अशा वेळी निर्णय चांगला होत नाही. ती हिंडती-फिरती असतानाच बसा. तिला कुठे राहायचंय, कुणाच्या हातून आंघोळ घालून घ्यायला तिला लाज वाटणार नाही, हे तिच्या तोंडून ऐका.

घराच्या कागदाचंही लक्षात ठेवा. "आम्ही बघतो" या शब्दावर घर-जमीन नावावर करून देऊ नका. बक्षीसपत्र करायचंच तर त्यात सांभाळाची अट लिहून घ्या. अट लिहिलेली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर २००७च्या कायद्याच्या कलम २३खाली ते रद्द करून मागता येतं.

आता आपल्या गटाचं काम. पुढच्या बैठकीत वाडीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादी करा. रोज कोण डोकावणार ते नावासकट वहीत लिहा. श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये कुणाला लागू असून मिळत नाहीत ते बघा, अर्ज भरून द्या. आणि यादी करताना त्यात आपलंही नाव कधीतरी येणार आहे, हे ध्यानात ठेवून करा.