50 डॉलरचा कोड

साल 2010. इंटेलने मोजक्या देशांत 50 डॉलरचं एक कार्ड विकायला काढलं, अगदी मोबाईलच्या रिचार्जसारखं. कोड टाकला की पेंटियम जी6951 या प्रोसेसरचं हायपरथ्रेडिंग सुरू व्हायचं आणि कॅश 3 एमबीची 4 एमबी व्हायची. स्क्रू ड्रायव्हर लागत नव्हता. जे विकत होते ते आधीच तुमच्या डब्यात होतं, कुलूप लावून.

आता, चिपचा एखादा भाग बनवतानाच खराब निघाला तर तो बंद करून चिप स्वस्तात विकतात. त्यात मला काहीच गैर वाटत नाही, माल वाया जात नाही. पण कोड टाकून भाग चालू होतोय, म्हणजे तो धडधाकटच होता ना!

इंटेलचा हा खेळ जुनाच. 1991 मधल्या 486एसएक्समध्ये दशांशाची गणितं करणारं युनिट नव्हतं, किंवा बंद केलेलं होतं. ते हवंय? मग 487एसएक्स घ्या. नावाला जोड-चिप, पण खरं तर तो अख्खा 486च. बसवला की जुन्या चिपला झोपवून सगळं काम स्वतः करायचा. पण निदान हातात एक वस्तू तरी यायची.

कार्डवर भरपूर टीका झाली, 2011 मध्ये ती योजना गुंडाळली. मग 2023 च्या झिऑन सर्व्हर चिप्समध्ये तीच कल्पना परत आली. नाव, इंटेल ऑन डिमांड.