आरशातील मुखाची कुळकथा

नीट घासलेला धातू मुख दाखवू लागतो, हे भिलाईकराला निराळे सांगावे लागत नाही. आगगाडीच्या चाकांनी उजळलेला रुळाचा माथा त्याच्या रोजच्या पाहण्यातला. काचेपूर्वी आरसे बहुधा धातूचेच असत, आणि वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळी, म्हणजे पाचव्या शतकात, कोरलेल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील चित्रातल्या शृंगारमग्न राजस्त्रीच्या हातीही असाच दर्पण आहे. परिचारिका तिच्या सेवेला उभ्या आहेत. परंतु तिचे मुख आपल्याला पाहायला मिळते ते थेट, दर्पणाच्या मध्यस्थीवाचून. आरसा तेथे अलंकारांपैकी एक, इतकाच त्याचा अधिकार.

मुख दाखविण्याची कामगिरी आरशाकडे मोठ्या कौशल्याने सोपविली ती जपानी ठसेकारांनी. १७६५च्या सुमारास तेथे अनेक रंगांचे काष्ठठसे रूढ झाले, आणि लगेच हारुनोबूने चिनी निसर्गदृश्यांच्या प्रसिद्ध अष्टकाचे घरगुती विडंबन करताना शरदातील चंद्राच्या जागी घडवंचीवरचा वाटोळा कांस्यदर्पण बसविला. कल्पना गोड खरी, पण अजून ती शब्दकोटीच्या जातीची. खरी करामत उतामारोची: १७९२-९३च्या सुमाराच्या त्याच्या एका ठशात चहागृहातील ओकिता आपल्याकडे पाठ करून केस सावरीत बसली आहे, तिची मान, जिचे एदो नगरीतील रसिकांना मोठे अप्रूप, आपल्यापुढे आहे, आणि मुख तेवढे समोरच्या आरशात. ठशात छायाप्रकाशाची सोय फारशी नसते. म्हणून हे प्रतिबिंबही त्याच निश्चयी रेषेने कोरलेले, जणू दुसरी ओकिताच. एका कागदावर मागची आणि पुढची अशा दोन्ही बाजू मिळाल्या, आणि बाई मात्र आपल्याकडे पाहायची राहिली. अजिंठ्याची राजस्त्री अधिक थोर. युक्ती मात्र उतामारोची सरस, असे माझे मत.

सरकारला मात्र चिंता निराळीच होती. १७९३ मध्ये गणिकांखेरीज अन्य स्त्रियांची नावे ठशांवर छापण्यास मनाई झाली. तेव्हा उतामारो नावाऐवजी चित्रकोडे घालू लागला, आणि १७९६ मध्ये त्या कोड्यांवरही बंदीचा हुकूम सुटला. पुढे १८०४ मध्ये त्याला पन्नास दिवस हातकड्या पडल्या त्या स्त्रीचित्रांपायी नव्हेत, तर हिदेयोशी या जुन्या सत्ताधीशाची चित्रे काढल्याबद्दल. दोन वर्षांनी तो वारला.