समाजकार्यातील बोलती यंत्रे : एक पूर्वेतिहास

संकटग्रस्ताची हाक ऐकण्यासाठी यंत्राचे साहाय्य घेण्याची कल्पना समजली जाते तितकी नवी नाही. लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे धर्मोपदेशक चॅड व्हारा यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्यांसाठी दूरध्वनीची सोय केली. तिच्यातूनच ‘समॅरिटन्स’ ही संस्था उदयास आली. भेटीस आलेल्यांना चहा द्यावयाचा व चार शब्द बोलावयाचे, एवढेच काम प्रारंभी स्वयंसेवकांकडे होते. परंतु त्यांच्यापाशी मन मोकळे केल्यावर पुष्कळांना व्हारा यांच्या भेटीची गरजच उरेना. तेव्हा १९५४ मध्ये ऐकण्याचे कामच त्यांनी स्वयंसेवकांवर सोपविले. दूरध्वनी हा केवळ वाहक होता; ऐकणारे मनुष्यच होते.

ऐकणाऱ्या मनुष्याची जागा यंत्राने घेतल्याचे दृश्य प्रथम दिसले ते अमेरिकेत. जोझेफ वायझेनबाउम यांची ‘एलायझा’ ही संगणकाची आज्ञावली १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. टंकलेखनाने चालणारी ही आज्ञावली कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीच्या मानसोपचारकाप्रमाणे समोरच्याचेच शब्द फिरवून प्रश्न करी. तिला अर्थ कळत नसताही माणसे तिच्यापाशी मन उघडे करू लागली, याचा धक्का खुद्द तिच्या कर्त्यासच बसला.

२०११ मध्ये ॲपलच्या दूरध्वनीत ‘सिरी’ हा बोलता साहाय्यक आला. पुलावरून उडी टाकावीशी वाटते, असे म्हणणाऱ्यास तो प्रारंभी जवळपासचे पूल दाखवी! २०१३ मध्ये हा दोष दूर करून आत्महत्या-प्रतिबंधक सेवेचा क्रमांक त्यास पुरविण्यात आला. तथापि खरी उणीव उघड झाली ती ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकातील २०१६ च्या पाहणीत. सिरी, गूगल नाऊ, एस व्हॉइस व कोर्टाना या चौघांपुढे ठराविक वाक्ये उच्चारण्यात आली. बलात्कार झाल्याचे सांगणाऱ्या वाक्यास मदतसेवेचा क्रमांक एकट्या कोर्टानाने दिला. नवऱ्याने मारल्याचे वाक्य मात्र चौघांपैकी एकासही ओळखता आले नाही. पाय दुखतो म्हटल्यास सिरी जवळचे रुग्णालय सुचवीत असे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. शरीराची तक्रार यंत्रास शिकविली गेली होती. घरातील मारहाण शिकविण्याचे कोणास सुचले नव्हते.

पाहणीनंतर लवकरच सिरीत सुधारणा झाली. २०१७ मध्ये अमेरिकेतील समाजकार्य-संघटनांनी तंत्रसाधनांच्या वापराविषयी संयुक्त निकषही प्रसिद्ध केले. परंतु २०१४ पासून घरोघरी ठेवल्या जाऊ लागलेल्या ‘अलेक्सा’सारख्या यंत्रांनी निराळाच प्रश्न उभा केला. त्यांना उद्देशून काढलेले उद्गार साठविले जात असल्यास, खाते ज्याच्या नावावर असेल त्याला ते मागाहून ऐकता येतात. आणि पीडितेच्या घरी ते खाते बहुधा कोणाचे असते, हे गृहभेटीस जाणाऱ्या कार्यकर्तीस पहिल्याच भेटीत विचारावे लागते.