रिमपासून रोटरपर्यंत : सायकलच्या ब्रेकचा इतिहास आणि केशोरी परिसरातील डिस्कची निवड व जोडणी

प्रस्तावना

सायकलच्या इतिहासलेखनात चाक, टायर व साखळी यांना जे स्थान मिळाले ते ब्रेकच्या वाट्याला आले नाही. जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ मध्ये इंग्लंडात आणलेली 'रोव्हर' सायकल आणि जॉन बॉइड डनलॉप याचा १८८८ मधील हवेचा टायर सर्वपरिचित आहेत. धावती सायकल थांबवावी कशी, या प्रश्नाची उत्तरे मात्र काळानुसार व भूमीनुसार बदलत गेली आणि त्यांची नोंद प्रामुख्याने कारागिरांच्या हातातच राहिली. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा गोंदिया जिल्ह्यातील केशोरी या गावाच्या संदर्भात घेतला आहे.

केशोरी हे अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील, गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेलगतचे गाव. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. धानाच्या बांध्या, तलाव, जंगल व टेकड्या असा हा झाडीपट्टीचा मुलूख असून गाढवी नदीवरील इटियाडोह धरण याच तालुक्यात आहे. पावसाळ्यात मुरमाच्या वाटा आणि बांध्यांतून जाणारी पांदण चिखलाने भरते. ब्रेकची परीक्षा कोरड्या डांबरी रस्त्यावर होत नाही. ती अशा वाटेवर होते.

रॉड ब्रेकचा काळ

भारतात आरंभी आलेल्या सायकली प्रामुख्याने इंग्लंडमधून आयात होत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला अॅटलास (१९५१) आणि लुधियान्याला हिरो सायकल्स (१९५६) यांनी उत्पादन हाती घेतले. या सर्वांनी उचललेला नमुना इंग्रजी रोडस्टरचा होता. त्यात हँडलखालच्या लोखंडी दांड्या ब्रेकची कमान वर ओढत आणि तिला जोडलेली रबरे रिमच्या आतल्या बाजूला घासत. दांडी वाकली तर हातोडीने सरळ करता येई, रबर झिजले तर ते आठवडी बाजारातही मिळे. ग्रामीण महाराष्ट्रात ही सायकल इतकी दीर्घकाळ टिकली याचे श्रेय तिच्या वेगाला देता येणार नाही, ते या दुरुस्तीसुलभतेला द्यावे लागते.

तिचा दोष पावसात उघड होई. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम ओली झाली की रबराची पकड एकदम घटते आणि चाकाचे काही फेरे पाणी पुसण्यातच जातात. चिखलातील वाळू रबरात रुतून बसते व ब्रेक लावताना रिम खरवडते. शिवाय आरे सैल होऊन चाक लचकले की एका बाजूला रबर घासते आणि दुसऱ्या बाजूला पोहोचतच नाही. म्हणूनच गावच्या सायकल कारागिराच्या कौशल्याची कसोटी 'आउट काढणे' ही होती. चाक फिरवून, रिम व एक स्थिर खूण यांमधील फट डोळ्याने जोखून, आऱ्यांची टोपणे आवळून-सैलावून ते सरळ करणे, असे हे काम.

डोंगरउतारावरून आलेले उत्तर

माउंटन बाइकच्या जन्मकथेत ब्रेकला मध्यवर्ती स्थान आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरउतारावरून सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली 'रीपॅक' शर्यत झाली. या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे व पायडल उलटे दाबून तो लावला जाई. एका उतारात हब इतका तापे की आतील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. शर्यतीला नाव मिळाले ते याच 'पुन्हा भरण्या'वरून.

डिस्क ब्रेकची कल्पना त्याहून बरीच जुनी. फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये मोटारीसाठी तिचे पेटंट घेतले होते आणि १९५३ मध्ये ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेक असलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली. सायकलीसाठी १९७० च्या दशकात काही प्रयत्न झाले. प्रसार मात्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. वास्तविक रिम हीच एक मोठी डिस्क आहे, आणि मोठ्या व्यासामुळे तिला पकडायला जोरही कमी लागतो. तो लाभ सोडून हबजवळच्या छोट्या तबकडीकडे वळण्याचे कारण म्हणजे ती चिखलापासून दूर राहते, तिच्यातील छिद्रांतून पाणी व गाळ निघून जातो आणि रिम थोडी लचकली तरी ब्रेक बिघडत नाही. कॅलिफोर्नियातील उतारासाठी शोधलेले हे उत्तर धानपट्ट्यातील पांदणीलाही लागू पडते.

निवड

भारतीय शहरांत अशा सायकलींची बाजारपेठ फायरफॉक्स बाइक्सच्या २००५ मधील स्थापनेनंतर विस्तारली. २०१५ मध्ये ही कंपनी हिरो सायकल्सने घेतली. पुढे स्वस्त, तारेने चालणाऱ्या डिस्क ब्रेकच्या सायकली लहान गावांपर्यंत गेल्या. जुना रोटर झिजल्यावर नवा कोणता घ्यावा, हा प्रश्न त्यानंतरचा.

या प्रश्नाचे पहिले उत्तर हब देतो, ग्राहकाची पसंती नव्हे. आरंभीच्या काळात तीन, चार, पाच बोल्टांच्या रचना बाजारात होत्या. अखेरीस ४४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा बोल्ट ही रचना रूढ झाली, आणि नंतर शिमानोने दातेरी बैठकीची 'सेंटरलॉक' पद्धत आणली. एका पद्धतीचा रोटर दुसरीच्या हबवर थेट बसत नाही. सहा बोल्टांचा रोटर सेंटरलॉक हबवर बसवणारी जोडकडी मिळते. उलट दिशेची सोय सामान्यतः नाही.

त्यानंतर व्यास. १६० मिलिमीटरऐवजी १८० चा रोटर घेतल्यास तितक्याच दाबाने सुमारे साडेबारा टक्के अधिक रोधक घूर्णन मिळते, २०३ घेतल्यास सुमारे सत्तावीस टक्के. तथापि फोर्क व फ्रेमला सोसणाऱ्या कमाल व्यासाची मर्यादा उत्पादकाने ठरवलेली असते आणि कॅलिपरही त्या अंतरावर सरकवण्यासाठी योग्य जोडकडी लागते. सपाट धानपट्ट्यात एकट्या स्वाराला १६० पुरेसा ठरतो. धानाचे पोते वा मागे बसलेला माणूस हिशेबात धरला, तर पुढच्या चाकाला १८० चा विचार योग्य, अर्थात फोर्कची परवानगी असेल तरच.

तिसरी बाब सर्वाधिक दुर्लक्षित आहे. काही स्वस्त रोटरांवर केवळ रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते. त्यांवर धातुमिश्रित पॅड लावल्यास मऊ पोलाद झपाट्याने झिजते. चिखलात रेझिन पॅड लवकर संपतात म्हणून दुकानदार धातुमिश्रित पॅड सुचवतो आणि रोटर बळी जातो. तेव्हा पॅड व रोटर यांची निवड एकत्रच व्हावयास हवी.

जोडणी आणि कारागीर

सहा बोल्टांच्या रोटरला सामान्यतः 'टी-२५' हा ताराकृती पाना लागतो. तो नसल्यास षट्कोनी पाना ठोकून बसवला जातो आणि बोल्टचे डोके गोल होते. पुढच्या वेळी बोल्ट निघतच नाही. रोटरवरील बाण चाकाच्या फिरण्याच्या दिशेने ठेवावा. बोल्ट प्रथम हाताने बसवून मग समोरासमोरचे, ताऱ्याच्या क्रमाने, थोडेथोडे आवळावेत. लागणारा जोर उत्पादकानुसार २ ते ६ न्यूटन-मीटर इतकाच असतो. अॅल्युमिनियमच्या हबमधील आटे नाजूक असतात, आणि लोखंडी हबवर कमावलेला हात येथे घातक ठरू शकतो. सेंटरलॉकच्या कड्याला मात्र ४० न्यूटन-मीटर लागतात.

रॉकेलच्या फडक्याने सर्व काही पुसण्याची जुनी सवय या ब्रेकला सोसत नाही. रोटरला लागलेले तेल पॅड शोषून घेतात व मग बहुधा ते टाकूनच द्यावे लागतात. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, ते नसल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा आणि कडेला धरूनच बसवावा. नंतर मध्यम वेगात सायकल नेऊन, चाक न अडवता, वीसेक वेळा ब्रेक लावल्याने पॅडचा पातळ थर रोटरवर चढतो. पूर्ण पकड त्यानंतरच येते.

जुने कौशल्य मात्र निरुपयोगी झालेले नाही. डिस्कच्या चाकात थांबवण्याचा सारा जोर हबमधून आऱ्यांवाटे रिमला पोहोचतो. म्हणून आरे एकमेकांना छेदून विणलेले आणि नीट ताणलेले असावे लागतात. रोटर वाकला तर कॅलिपरमधील फटीकडे पाहत चाक फिरवावे लागते आणि जेथे घासते तेथे स्वच्छ पान्याने अलगद वाकवावे लागते. रिमचा आउट काढणारा डोळा येथेही तोच. मानव विकास कार्यक्रमातून ८ वी ते १२ वीच्या मुलींना मिळालेल्या सायकली याच कारागिरांकडे येतात, आणि त्यांच्या शेजारी आता एखादी डिस्कची सायकलही उभी असते. नवा रोटर साधारणपणे १.८ मिलिमीटर जाड असतो. शिमानोच्या निर्देशानुसार १.५ च्या खाली तो वापरू नये. ०.३ मिलिमीटरचा हा फरक डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी दुकानात पाना-पेन्चिसबरोबर एक व्हर्निअर कॅलिपर लागतो.