कपाशीवरील तणनाशक पोटात गेले किंवा अंगावर सांडले तर काय करावे?

जून-जुलैत जळगाव-धुळे भागात कपाशीत तण माजते, निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि तणनाशकाचा पंप पाठीवर चढतो. विषबाधेचे असे रुग्ण आले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, याच्यावर इंजेक्शन आहे ना?’

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तिथे प्रश्न मुख्यतः कीटकनाशकांचा होता. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन उपयोगी पडते. तणनाशकांवर असा उतारा नाही. म्हणून ‘फवारणीचे औषध घेतले’ एवढेच सांगू नका. बाटली किंवा तिच्या लेबलचा फोटो सोबत आणा. उपचार नावावर ठरतात.

पॅराक्वाट सर्वांत घातक

कपाशीच्या दोन ओळींमधले तण जाळण्यासाठी वापरले जाणारे पॅराक्वाट थोडेसे पोटात गेले तरी जिवावर बेतू शकते. फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला उलट्या आणि घशातली जळजळ सोडली तर रुग्ण चालतो-बोलतो. घरच्यांना वाटते, वाचला; मग ‘घरी सोडा’ असा आग्रह सुरू होतो. कृपया तो करू नका. एक-दोन दिवसांत तोंड आणि जीभ सोलवटते, पुढे लघवी कमी होते, मूत्रपिंड आणि यकृत बिघडते आणि त्यानंतर फुप्फुसे घट्ट होत जाऊन दम लागतो. सुरुवातीचे काही तासच हातात असतात.

मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. अन्ननलिका आणखी भाजते. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने, शक्यतो डायलिसिस आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. तिथे लगेच ऑक्सिजन लावला नाही म्हणून रागावू नका. पॅराक्वाटमध्ये जादा ऑक्सिजन फुप्फुसांची हानी वाढवतो, त्यामुळे तो रक्तातील प्रमाण बरेच खाली गेल्यावरच देतात.

ग्लायफोसेटमुळे बहुधा उलट्या, जुलाब, पोटात आग होते. प्रमाण जास्त असेल तर रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडावर ताण येतो. तेही घरी बसून पाहण्यासारखे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करण्याचा आदेश काढला होता.

अंगावर सांडले तर

पंप गळून सदरा पाठीला चिकटतो आणि माणूस तसाच संध्याकाळपर्यंत फवारत राहतो, हे मी दर पावसाळ्यात ऐकतो. कपडे तिथेच काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. डोळ्यात गेले तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहा आणि मग डॉक्टरांकडे या. हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी पंप घेऊच नका; जखमेतून पॅराक्वाट शरीरात शिरते. नोझल तोंडाने फुंकून साफ करणे तर अजिबात नको.

उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवू नका. लहान मुले अशीच पितात. घरात कोणी खूप खचलेले असेल तर औषध कुलपात ठेवा किंवा घराबाहेर हलवा. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येते. आणि कोणी जाणूनबुजून घेतले असेल, तर तेही आम्हाला स्पष्ट सांगा.