तळ्यातलं विमान

१९७२ च्या दुष्काळात आमच्या विहिरीचा गाळ काढला, तेव्हा आजोबांच्या काळातलं मोटेचं चाक निघालं. ते पडलं त्या दिवशी एक गडीही बुडाला होता. चाकाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. गड्याचं नाव मात्र कुणालाच सांगता येईना. पुढं स्कॉटलंडमधल्या एका विमानाची हकिगत वाचली, अन् ते चाक डोळ्यांपुढं आलं.

३१ डिसेंबर १९४०. दुसरं महायुद्ध चालू होतं. वेलिंग्टन जातीचं एक बाँबफेकी विमान लॉसीमाउथच्या तळावरून सरावाला निघालं. आत आठ जण, दोन वैमानिक आणि सहा शिकाऊ. डोंगरावर बर्फाच्या वादळानं गाठलं अन् उजवं इंजिन बंद पडलं. वैमानिकानं सहाही पोरांना पॅराशूट घेऊन उड्या मारायला सांगितलं. पाच जण सुखरूप उतरले. शेपटाकडं बंदुकीवर बसणारा गेला. त्याच्या पॅराशूटनं दगा दिला.

तेवढ्यात ढग फाटले आणि खाली लॉक नेसचं लांबलचक तळं दिसलं. वैमानिकांनी विमान अलगद पाण्यावर टेकवलं, रबरी होडीतून काठ गाठला. रस्त्यावरच्या एका लॉरीनं त्यांना इन्व्हरनेस गावात सोडलं.

विमान बुडालं, सुमारे ७० मीटर खोल. या तळ्यात राक्षस आहे म्हणतात. १९७६ साली तो शोधायला आलेल्या अमेरिकन मंडळींना यंत्रावर तळाशी काहीतरी दिसलं. निघालं हे विमान. १९८५ साली ते वर काढलं. बार्न्स वॉलिस नावाच्या इंजिनिअरनं त्याचा सांगाडा आपल्या डालग्यासारखा विणलेला. बांबूऐवजी हलक्या धातूच्या पट्ट्या, वरून कापड. डालग्याच्या चार काड्या मोडल्या तरी ते बसत नाही, तसंच हे. असली ११,००० च्या वर विमानं झाली, पुरती म्हणावी अशी दोनच उरली. त्यातलं हे एक. इंग्लंडात ब्रुकलँड्सला जिथं बांधलं, तिथल्याच संग्रहालयात आज उभं आहे.

लोक विमान बघायला जातात, जावंच. पण तो पोरगा लढाईत नाही, शिकता शिकता गेला. त्या युद्धात असे हजारो गेले.

आमचं चाक गोठ्याच्या भिंतीला टेकवलेलं आहे. कुणी विचारलं, की मी आता आधी गड्याचं सांगतो, मग चाकाचं.